लंडनात बिऱ्हाड कुठे करावं?

गंगाखेडचा वारकरी पंढरपूरला निघाला, की उतरायचं कुठे हा प्रश्न त्याला पडत नाही. फड ठरलेला असतो, मठ ठरलेला असतो. आजोबा जिथे पथारी टाकत तिथेच नातू टाकतो. काशीयात्रेचंही पूर्वी तसंच होतं. तीर्थोपाध्यायाच्या वहीत घराण्याची नोंद असायची, तो नेईल तिथे जायचं. दुर्गाघाट, ब्रह्मघाट या भागात तर मराठी बोलणाऱ्यांचीच वस्ती. हजार-बाराशे किलोमीटर चालून गेलेला माणूस तिथे पोचला, की आपल्याच बोलीत विचारपूस व्हायची.

परवा एका परिचितांचा फोन आला. मुलगा नोकरीनिमित्त लंडनजवळच्या एका गावी असतो. नवरा-बायको तीन आठवड्यांसाठी निघालेत, आणि त्यातले चार-पाच दिवस खुद्द लंडन शहरात राहून ते बघायचं ठरलंय. मुलाने मोबाइलवर दहा-बारा हॉटेलं पाठवलीत. प्रत्येकाचा भाग वेगळा, भाडं वेगळं. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही इतिहासवाले. सांगा, कोणत्या भागात उतरावं?" मी म्हटलं, दोन दिवस द्या. कारण मला एकदम आठवलं, की हाच प्रश्न आपल्यातल्या फार मोठमोठ्या माणसांना पडलेला होता. त्यांनी तो कसा सोडवला हे बघितलं, तर लंडन शहरही कळतं आणि ती माणसंही थोडी कळतात.

सुरुवात रंगो बापूजी गुप्ते यांच्यापासून करावी लागेल. १८३९ मध्ये कंपनी सरकारने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना गादीवरून दूर केलं आणि काशीला पाठवलं. त्यांची कैफियत मांडायला रंगो बापूजी विलायतेला गेले, ते थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ चौदा वर्षं तिथे राहिले. त्यांना जायचं असे ते लेडनहॉल स्ट्रीटवर, ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत त्यांनी भाषणं केली, अर्ज छापून वाटले. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते महाराज १८४७ मध्ये काशीत वारले, १८४८ मध्ये सातारचं राज्यच खालसा झालं, तरी हा माणूस लंडनात ठाण मांडून होता. आज लेडनहॉल स्ट्रीटवर ती कचेरी शोधायला गेलात तर मिळणार नाही. १८६० नंतर ती पाडली आणि त्या जागी आता लॉइड्स या विमा-बाजाराची पोलादी नळ्यांची इमारत उभी आहे. जुन्या शहराचा हा भाग, ज्याला तिथले लोक नुसतं 'सिटी' म्हणतात, दिवसा कारकुनांनी गजबजतो आणि रात्री ओस पडतो. शनिवार-रविवारी तिथली हॉटेलं स्वस्त मिळतात ती त्यामुळेच.

रंगो बापूजी एकटे होते. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत विद्यार्थी जाऊ लागले. बॅरिस्टरी, आय.सी.एस., डॉक्टरी. आपल्या परभणीकडून जाणाऱ्याला आधी मनमाडला गाडी बदलावी लागे, कारण आपल्याकडची निजामाची रेल्वे मीटरगेज होती. मग मुंबई, मग बोट. एवढं करून लंडनात उतरलेल्या पोराला पहिला धक्का बसे तो घरमालकिणीच्या दारात. बाहेर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी असे. दार उघडून बाई एकदा चेहऱ्याकडे बघे आणि खोली आत्ताच गेली म्हणून सांगे. सगळ्याच बायका अशा नव्हत्या, पण पुष्कळ होत्या.

यावर इलाज म्हणून श्यामजी कृष्णवर्मा यांनी हायगेट भागात क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरचं ६५ नंबरचं घर घेतलं आणि १ जुलै १९०५ रोजी तिथे 'इंडिया हाउस' सुरू झालं. उद्घाटन केलं ते हिंडमन या इंग्रज समाजवादी पुढाऱ्याने. पंचवीसेक विद्यार्थी राहतील एवढी जागा, वाचनालय, सभेचं दालन. श्यामजी स्वतःही जवळच राहत. पुढच्याच वर्षी, १९०६ च्या उन्हाळ्यात, श्यामजींची शिष्यवृत्ती घेऊन विनायक दामोदर सावरकर तिथे राहायला आले. सेनापती बापटही तिथलेच.

हायगेट हे नाव आपण चरित्रांतून वाचतो, पण ते आहे कुठे हे फारसं कुणी बघत नाही. शहराच्या उत्तरेला एक टेकडी आहे, तिच्यावर हे जुनं खेडं. मधल्या लंडनपासून सात-आठ किलोमीटर. हवा चांगली, घरं विटांची, वस्ती मध्यमवर्गीयांची. कार्ल मार्क्सला जिथे पुरलं ती दफनभूमी चालत जाण्याच्या अंतरावर. सावरकरांनी नाव घातलं होतं ते ग्रेज इन या कायदेशिक्षणाच्या संस्थेत, ती खाली शहरात. अठराशे सत्तावनचा ग्रंथ लिहायला लागणारे कागदही खालीच, इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात. म्हणजे रोज टेकडी उतरायची, इंग्रजांच्याच कागदांतून इंग्रजांविरुद्धचा इतिहास गोळा करायचा आणि संध्याकाळी टेकडीवर परतून आपल्या माणसांत बसायचं. दूर असणं ही त्या घराची अडचण होती, आणि मला वाटतं तीच त्याची सोयही होती. अर्थात फार दिवस नाही. गुप्त पोलिसांना टेकडी चढायला वेळ लागला नाही.

१ जुलै १९०९ ला, म्हणजे उद्घाटनाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, मदनलाल धिंग्रा यांनी साउथ केन्सिंग्टन भागात कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. धिंग्रा त्या सुमारास बेजवॉटर भागात भाड्याच्या खोलीत राहत होते. इंडिया हाउस त्याच वर्षी बंद झालं. हिंदी विद्यार्थ्यांना खोली मिळणं आधीच कठीण होतं, ते आता आणखी कठीण झालं.

इथे इतिहासाने एक गंमत केली आहे. विद्यार्थी भलत्या संगतीला लागू नयेत म्हणून १९१० मध्ये सरकारच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी दुसरं वसतिगृह निघालं. त्याचा पत्ता? २१, क्रॉमवेल रोड! हायगेटची क्रॉमवेल ॲव्हेन्यू शहराच्या उत्तर टोकाला, हा क्रॉमवेल रोड पश्चिमेला साउथ केन्सिंग्टनमध्ये, मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांच्या शेजारी. नाव मात्र दोन्हीकडे एकच, क्रॉमवेल. एका घरात राहिलं की सरकारला संशय, दुसऱ्या घरात राहिलं की सोबतच्या विद्यार्थ्यांना संशय, कारण तिथलं सगळं सरकारच्या कानावर जातं अशी बोलवा होती. तेव्हाचा मुलगा 'क्रॉमवेल' म्हणाला की पुढचा शब्द ऐकायला लोक कान टवकारत असतील.

टिळकांचं बिऱ्हाड वेगळ्या कारणाचं. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने आपल्या पुस्तकात टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक ठरवलं होतं. ते बिरुद आपण पुढे अभिमानाने मिरवलं, पण पुस्तकात त्यासोबत जे आरोप होते त्यावर टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्यासाठी १९१८ च्या ऑक्टोबरअखेर ते लंडनला पोचले. वय बासष्ट, मंडालेने पोखरलेली प्रकृती. पहिलं महायुद्ध संपायला दोन आठवडे होते, इन्फ्लुएन्झाची साथ चालू होती आणि हिवाळा तोंडावर होता. ते राहिले ते घर १०, हाउली प्लेस. हा भाग पॅडिंग्टन स्टेशनच्या उत्तरेला, मेडा व्हेलच्या बाजूला आहे. पांढऱ्या गिलाव्याची घरं, रुंद शांत रस्ते आणि जवळून वाहणारा कालवा. कालव्यामुळे आज त्या भागाला 'लिटल व्हेनिस' म्हणतात आणि बोटीतून फिरायला पर्यटक येतात.

तिथून उच्च न्यायालय पाच-सहा किलोमीटर. १९१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत खटला चालला. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. निकाल विरुद्ध गेला, आणि त्या खर्चाचं ओझं उतरवायला पुढे महाराष्ट्रात निधी जमवावा लागला. खटला हरल्यावर टिळक लगेच परतले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण ते नोव्हेंबर १९१९ पर्यंत तिथेच राहिले. मजूर पक्षाच्या लोकांना भेटले, सुधारणांच्या विधेयकावर पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. आपली बाजू मांडायला गेलेल्या माणसाला घर असं लागतं, जिथे चार लोक येऊन बसू शकतील. हायगेटच्या टेकडीवर ते झालं नसतं. हाउली प्लेसच्या घरावर आज टिळकांच्या नावाची निळी गोल पाटी आहे, तशीच सावरकरांची पाटी क्रॉमवेल ॲव्हेन्यूच्या घरावर आहे. ती १९८५ ची.

हाउली प्लेसपासून अडीच-तीन किलोमीटरवर, ईशान्येला, प्रिमरोज हिल नावाची टेकडी आहे. तिच्या मागच्या अंगाला किंग हेन्रीज रोड. या रस्त्यावरच्या १० नंबरच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले.

बाबासाहेब पहिल्यांदा लंडनला आले ते १९१६ मध्ये, अमेरिकेतून. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये, म्हणजे ज्या संस्थेत दहा वर्षांपूर्वी सावरकरांनी नाव घातलं होतं तिथेच, त्यांनी नाव नोंदवलं. पण बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पैसे साठवणं. थोडी आपली शिल्लक, थोडी शाहू महाराजांची मदत, पाच हजार रुपये नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने. असं करून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला आले. इथे एकेक शिलिंग मोजून खर्च करायचा होता, आणि घरी मुंबईत रमाबाई कशा दिवस काढत होत्या ते आपल्याला ठाऊक आहे.

प्रिमरोज हिल आज लंडनमधल्या फार महागड्या वस्त्यांपैकी आहे. सिनेमावाले, गाणारे-बजावणारे तिथे राहतात. त्यामुळे बाबासाहेब तिथे राहत होते असं सांगितलं की नव्या पिढीला वाटतं, चांगल्या भागात होते की! पण त्या काळी टेकडीच्या पायथ्याशी रेल्वे होती, आजही आहे. यूस्टन स्टेशनला येणारी गाडी तिथून जाते, अगदी १८३७ पासून बोगद्यातून जाते. कोळशाच्या इंजिनांच्या दिवसांत रुळांजवळच्या गल्ल्यांत काजळी उतरायची. घरं मोठी होती, पण ती खोल्या-खोल्यांनी भाड्याने जायची. आपल्यापैकी जे पूर्णा जंक्शनजवळच्या घरांत वाढले त्यांना वाळत घातलेल्या धोतरावरची ती काजळी वेगळी सांगायला नको.

धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात त्या दिवसांचं वर्णन आहे. घरमालकीण खाण्याच्या बाबतीत फार हात आखडणारी होती. सकाळी पावाचा तुकडा आणि थोडंसं काही. मग बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जात ते दार उघडण्याच्या वेळेला, आणि निघत ते बंद होताना. रात्री अभ्यास, आणि भूक अनावर झाली की एका ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. किंग हेन्रीज रोडपासून म्युझियम चार-साडेचार किलोमीटर आहे. बसचे पैसे वाचवायचे तर चालत पाऊण-एक तास. त्या वाचनालयाच्या गोल घुमटाखाली मार्क्सही बसून गेला होता. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्या येरझाऱ्यांतून तयार झाला आणि १९२३ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली.

या घराची गोष्ट तिथे संपली नाही. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर विकत घेतलं. किंमत तीस लाख पौंडांच्या वर. म्हणजे पावाचा तुकडा मोजून देणाऱ्या बाईचं ते बिऱ्हाड आता कोट्यवधींचं झालं होतं. १४ नोव्हेंबर २०१५ ला स्मारकाचं उद्घाटन झालं. पण पुढे काही शेजाऱ्यांनी तक्रार केली, आणि तिथल्या कॅम्डन नगरपालिकेने घराचं संग्रहालय करायला परवानगी नाकारली. मुद्दा असा, की हा राहण्याचा भाग आहे, इथे माणसांनी राहावं, बसगाड्या भरून लोक येऊ नयेत. चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या मंत्र्याने स्मारकाच्या बाजूने निर्णय दिला. शेजाऱ्यांच्या म्हणण्यात शांततेची काळजी असेलही, मी त्यांना वाईट म्हणत नाही. तरी शंभर वर्षांपूर्वी तिथे एका खोलीपुरती जागा मिळालेल्या माणसाला शंभर वर्षांनी पुन्हा एकदा तिथे राहण्याची परवानगी मागावी लागली, हे काही मनातून जात नाही.

गांधीजींचं १९३१ चं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. गोलमेज परिषद भरली होती सेंट जेम्स राजवाड्यात, राजा-महाराजांची हॉटेलं त्याच बाजूला. गांधीजींनी उतरायला निवडलं पूर्वेकडच्या बो या कामगार वस्तीतलं किंग्सली हॉल. परिषदेपासून नऊ-दहा किलोमीटर. सोबतच्यांची रोजची ओढाताण झाली, शेवटी कामासाठी नाइट्सब्रिजला वेगळी कचेरी करावी लागली. सकाळी मात्र गांधीजी त्याच वस्तीच्या गल्ल्यांतून फिरत राहिले.

खोली कुठे घ्यावी हे गांधीजींना निवडता आलं. बाकीच्यांना किती निवडता आलं, हा खरा प्रश्न. कातडीच्या रंगावरून खोली नाकारणं हा ब्रिटनमध्ये गुन्हा नव्हता. १९६५ मध्ये वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा झाला, त्यात घरांचा समावेश नव्हता. तो झाला १९६८ च्या कायद्यात. मधल्या काळात आपल्या लोकांनी आपापले आसरे उभे केले. इंडियन वायएमसीएचं वसतिगृह १९२० पासून आहे, १९५३ पासून ते फिट्झरॉय स्क्वेअरला आहे. साहित्यसम्राट न. चिं. केळकर गोलमेज परिषदेला गेले असताना १९३२ मध्ये लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली. मंडळाला स्वतःची वास्तू मिळायला मात्र १९८८ साल उजाडलं. ती वायव्य लंडनमध्ये डॉलिस हिल लेनवर आहे. गणपती तिथे बसतो, दिवाळी तिथे होते. त्याच बाजूला वेम्बली आणि नीस्डन, म्हणजे भाजी-भाकरी-उपासाचं सगळं सामान मिळणारा पट्टा.

आता परिचितांच्या प्रश्नाकडे येतो. दोन दिवसांनी मी त्यांना फोन केला. म्हटलं, जेवणाची काळजी असेल तर वेम्बली, पण मग लंडन बघायला रोज तासभर जाणं नि तासभर येणं. शिवाय तिथल्या भुयारी रेल्वेचे मध्यापासून बाहेर पट्टे पाडलेत, जितकं बाहेर राहाल तितकं तिकीट वाढतं, तेव्हा हॉटेलात वाचलेले पैसे गाडीत जातात. साउथ केन्सिंग्टन देखणं आहे, वस्तुसंग्रहालयं दारात आहेत, पण भाडं ऐकून परत फोन कराल. पॅडिंग्टनला छोटी हॉटेलं पुष्कळ, विमानतळावरून थेट गाडी, टिळकांचं घर पायी गाठता येतं. वाईट नाही. मात्र खोल्या किती लहान असतात ते आधी विचारून घ्या. परभणीत स्टेशनजवळ उतरायचं की वसमत रोडला, हे ठरवताना आपण जे बघतो तेच तिथेही बघायचं: रात्री परत येताना रस्ता कसा आहे, आणि जिने किती चढावे लागतात. जुन्या घरांच्या हॉटेलांत लिफ्ट असेलच असं नाही.

पण मला विचाराल तर ब्लूम्सबरी. हा विद्यापीठाचा आणि पुस्तकवाल्यांचा भाग. ब्रिटिश म्युझियम तिथेच, आणि आत जायला तिकीट नाही. उत्तरेला दहा-पंधरा मिनिटं चाललात की ब्रिटिश लायब्ररी. म्युझियममधलं ग्रंथालय नव्वदच्या दशकाअखेर तिकडे हललं. रंगो बापूजींनी ज्या कंपनीशी चौदा वर्षं वाद घातला तिची दफ्तरं, आणि सावरकर ज्यात डोकं घालून बसले ते इंडिया ऑफिसचे कागद, सगळे आता त्या एका इमारतीत आहेत. दक्षिणेला चालत गेलात तर ग्रेज इन. फिट्झरॉय स्क्वेअरही फार लांब नाही. आणि चॉक फार्म स्टेशनवर उतरलात, की किंग हेन्रीज रोड पायी दहा मिनिटं.

त्यांनी सगळं लिहून घेतलं. चार रात्री ब्लूम्सबरीत, मग मुलाकडे, असं ठरलं. चॉक फार्म हे नाव दोनदा विचारून घेतलं. मग फोन बाईंनी घेतला. पापडाची गोष्ट त्यांनी ऐकली होती. "तेवढं सांगा," त्या म्हणाल्या, "तिथल्या हॉटेलच्या खोलीत पापड भाजता येतो का?"

मी म्हटलं, वहिनी, धूर झाला की छताला लावलेली घंटा वाजते आणि अख्खं हॉटेल रस्त्यावर येतं. पापड मुलाच्या घरी भाजा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)